ड्रॅगनची गुरं, गडावरचं पाणी: एक जग ताळ्यावर आणताना

टेबलाभोवती बसून, फासे टाकत एक काल्पनिक कथा सगळ्यांनी मिळून खेळायची, असा आमचा खेळ. ८ जून २०२५ ला त्यातलं आमचं जुनं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक सलग कथा, थांबलं, तेही एका साध्या प्रश्नावर. खेळाडूंनी एका गडाला वेढा घातला होता आणि त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "वर पाणी किती दिवस पुरेल?" गेममास्टरनं, म्हणजे आमच्यात जग चालवणाऱ्यानं, ऐन वेळी सांगून टाकलं, महिनाभर. पुढच्या सेशनला कथेच्या सोयीसाठी तोच गड चौथ्या महिन्यातही लढत होता. महिन्याच्या भरवशावर आखलेला सगळा बेत वाया गेला. भांडण झालं नाही, पण त्यानंतर कुणी बेत आखेना. आपली पाळी आली की फासा टाकायचा, एवढंच उरलं.

नवं कॅम्पेन सुरू करण्याआधी जग नीट उभं करायचं ठरलं. त्यात सहा महिने गेले. नाशिकमध्ये किंवा आणखी कुठे कुणी पहिल्यांदाच हे करायला बसत असेल तर वाट थोडी ओळखीची वाटावी, म्हणून झालं तसं क्रमानं लिहीत आहोत.

ड्रॅगनच खरा नाही, तर पाण्याचा हिशोब कशाला, असं सुरुवातीला आमच्यातच दोघांचं म्हणणं होतं. पण ड्रॅगन आहे हे मान्य केलं की तो खातो काय, हेही ठरवावं लागतं. खेळाडू त्या जगात निर्णय घेत असतात. जग कसं चालतं हे आधी कळलं आणि पुढच्या रविवारी ते तसंच राहिलं, तरच त्या निर्णयांना किंमत असते. जग हुबेहूब आपल्यासारखं असायची गरज नाही. ताळा मात्र जुळायला हवा. शाळेत गुणाकार झाल्यावर करायचो तोच ताळा.

नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे घेतले. त्यांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. पीडीएफ फुकट मिळते, छापूनही घेता येते. खालचे नियमातले सगळे आकडे त्याच पीडीएफमधले आहेत.

पहिला अडसर जागेचा निघाला. सहा माणसं, मोठं टेबल, सलग चार तास. घरी जमणं कठीण. एका सोसायटीचा हॉल मिळण्यासारखा होता. १२ जूनला अर्ज दिला. "कार्यक्रमाचे स्वरूप" या रकान्यात "फाशांचा खेळ" असं लिहिलं आणि तिथेच अर्ज अडकला. फासे म्हटल्यावर जुगाराची शंका येणारच, सचिवांचं त्यात काही चुकलं नाही. दुसरा अर्ज करावा लागला: "कथाकथनाचा बैठा खेळ, पैसे लावले जात नाहीत, प्रवेशशुल्क नाही", सोबत सहाही जणांची नावं, पत्ते आणि सह्या. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे परवानगी ५ जुलैला हातात पडली. अनामत १,००० रुपये, दर रविवारचे २५०. गणेशोत्सवात आणि नवरात्रात हॉल मिळणार नाही, हे तेव्हाच लेखी घेतलं. तुम्ही पहिल्याच अर्जात पैशांबद्दलचं ते वाक्य टाका आणि अनामतीची पावती मागून घ्या.

परवानगीची वाट पाहण्यात गेलेला महिना नकाशाला मिळाला. पहिला नकाशा नुसत्या हौसेनं काढला आणि त्यात दोन ढोबळ चुका झाल्या. एका तळ्यातून दोन नद्या दोन दिशांना निघत होत्या, आणि डोंगराच्या दोन्ही अंगांना सारखंच घनदाट रान होतं. तळं भरलं की पाणी सर्वांत खालच्या ओठावरून वाहतं, आणि तो ओठ झिजत जाऊन आणखी खाली जातो. म्हणून तळ्याला बाहेरची वाट सहसा एकच असते. नद्याही खाली जाताना एकमेकींना मिळतात. त्यांना फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाटीवर.

यावर उपाय म्हणून सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली आणि १:५०,००० चा ओपन सिरीज नकाशा उतरवून घेतला. तो मोफत मिळतो. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा २० मीटरांच्या अंतरानं. त्र्यंबक-इगतपुरीकडचे ओढे ट्रेसिंग पेपरवर उतरवले, कागद उलटा धरला, गावांची नावं बदलली. ओढे कुठून निघून कुठे मिळतात हे निसर्गानं आधीच सोडवून ठेवलेलं आहे, त्याचा खुशाल फायदा घ्या.

पावसाचा धडा तर दारातच होता. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास आणि येवल्याकडे ५०० च्या जवळपास. वारा पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीवर चढताना थंड होतो, पाणी तिथेच सांडतो आणि कोरडा होऊन पूर्वेला उतरतो. आमच्या खोऱ्यातही वाऱ्याची दिशा आधी ठरवली. मग पश्चिमेला भात, उतारांवर नागली आणि पूर्वेला बाजरी आपोआप आली. कुठलं गाव कशाची भाकरी खातं हे नकाशा पाहून सांगता यायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काम पुढे सरकतंय.

खोरं १०० किलोमीटर लांब आणि ४० रुंद ठेवलं. अख्खा खंड काढायचा मोह आवरा. पहिल्या दहा सेशनांत खेळाडू तीन-चार दिवसांच्या वाटेपलीकडे जात नाहीत. अंतर मोजायला नकाशावर आखलेलं षटकोनी घर ५ किलोमीटरचं धरलं. नियमांप्रमाणे माणूस साध्या चालीनं दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटर चालतो, आणि अवघड वाटेवर त्याच्या निम्मं. बैलगाडीला आम्ही दिवसाला १६ किलोमीटर दिले. म्हणजे चालणारा सात घरं, घाटात साडेतीन आणि गाडी तीन. ए-१ आकाराच्या तीन प्रती प्रत्येकी ९० रुपयांना छापल्या, त्यातली एक लॅमिनेट केली. लॅमिनेट केलेली प्रत खेळाडूंची. गेममास्टरनं साधा कागद ठेवावा, त्यावर खोडता येतं.

ऑगस्टभर धान्याचा हिशोब चालला. कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. माणशी वर्षाला २०० किलो धान्य धरलं. ५०० वस्तीच्या गावाला १०० टन. कोरडवाहू बाजरीचं जुन्या काळचं उत्पन्न हेक्टरी ५०० किलो मानलं. बियाणं विसरू नका. बाजरीला हेक्टरी तीन-चार किलो पुरतं, गव्हाला १०० किलोच्या आसपास लागतं. एवढ्याच उत्पन्नात गहू पेरला तर पाचवा हिस्सा पुन्हा मातीत जातो. कोरड्या भागात बाजरीची गावं दाट आणि गव्हाची विरळ का, याचं एक कारण असं हिशोबातूनच मिळालं.

खोऱ्यात एक शहर, ६,००० वस्तीचं, आणि ६० गावं. शहराला वर्षाला १,२०० टन हवेत, म्हणजे प्रत्येक गावानं २० टन पाठवायचे. गाव १२० टन पिकवतं, १०० खातं, २० विकतं किंवा सारा म्हणून देतं. गाडीत ५०० किलो धरले तर वर्षाला २,४०० गाड्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चिखलामुळे गाड्या बंद, उरले २४० दिवस. शहराच्या नाक्यावर रोज १० गाड्या धान्य आलं पाहिजे. हा दहाचा आकडा वहीत लाल शाईनं लिहून ठेवला.

गाडी किती लांबून येऊ शकते याचाही हिशोब लागतो. दोन बैलांना मिळून दिवसाला सुमारे १८ किलो कोरडा चारा आणि गाडीवानाचं किलोभर. पाच दिवस जायचं, पाच दिवस यायचं आणि वाटेत चराई नाही असं धरलं, तर ५०० किलोंच्या गाडीतले १९० किलो तिनं स्वतःच ओढून स्वतःच संपवले. म्हणून ८० किलोमीटरच्या पलीकडचं धान्य गाडीनं परवडत नाही. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून शेकडो कोस जात, कारण बैल चरत चरत चालायचे, चाऱ्याचा खर्च नव्हता. आमच्या खोऱ्यातही तसा तांडा घेतला, आणि तो चराईच्या हंगामातच दिसतो.

नाण्यांचा प्रश्न सप्टेंबरात घेतला. नियमांत १ सोन्याचं नाणं म्हणजे १० चांदीची किंवा १०० तांब्याची, आणि कुठलीही ५० नाणी मिळून वजन एक पौंड. किंमती एकमेकींशी लावून पाहिल्या आणि खड्डा सापडला. साध्या मजुराचा रोज २ चांदी, पण प्रवासाची एका दिवसाची शिदोरी ५ चांदीला! त्याच तक्त्यात एक पौंड गहू १ तांब्याला आहे. म्हणजे मजूर एका दिवसात ९ किलो गहू कमावतो, तरीही एक दिवसाची शिदोरी घ्यायला अडीच दिवस राबतो. आम्ही शिदोरी १ चांदीवर आणली, बाकी तक्ता तसाच ठेवला. सगळा बाजारभाव नव्यानं लिहायला बसू नका. एक किंमत हलवली की वीस हलतात.

याच सुमारास एका सकाळी पांडवलेणी चढलो. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख आहेत. त्याचं भाषांतर आधी वाचून गेलो होतो. लेखात म्हटलं आहे की त्यानं ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले: २,००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आता ताळा करून बघा. २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हिशोब पैशाला पैसा जुळतो. त्या व्हरांड्यात उभं राहून वहीवर हा गुणाकार करताना अंगावर काटा आला. गोवर्धन नावाचं गाव गंगापूरजवळ आजही आहे.

त्या लेखातून आमच्या जगात थेट तीन गोष्टी आल्या. देवळं खजिना तळघरात न ठेवता विणकरांकडे व्याजानं लावतात, त्यामुळे देऊळ लुटून फारसं हाती लागत नाही. श्रेणींकडे ठेवींची नोंद असते, आणि ती खोटी करणं हा मोठा गुन्हा असतो. शिवाय भिक्षूंची संख्या व्याजाला बांधलेली असते. लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण हा दरही आहे. तो घ्यावासा खूप वाटलं, पण सगळा तक्ता दहाच्या पटीत असल्यामुळे सोडून दिला. नाण्यांची खरंच गोडी असेल तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय एकदा बघून या. नाणं किती लहान असतं हे डोळ्यांनी पाहिलं की "सोन्यानं भरलेली पेटी" लिहिताना हात जपून चालतो.

खजिन्याचं वजन आणि परिणाम दोन्ही मोजा. नियमांत संपूर्ण पोलादी चिलखत १,५०० सोन्याला आणि बैल १५ ला. एका चिलखतात शंभर बैल! एका गावात १५० गुरं धरली होती, सरासरी १० सोन्याच्या भावानं १,५०० ची. खेळाडू ५,००० नाणी घेऊन गावात उतरले तर सगळी गुरं तीनदा विकत घेऊ शकतात. गावाकडे मोड नाही, सावकार घाबरतो, भाव चढतात, चार दिवसांत सारा गोळा करणारा दारात येतो. हे सगळं सेशनच्या आधी लिहून ठेवलं.

चंद्राचं काम एका संध्याकाळीच झालं, कारण घरोघरी पंचांग आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. संकष्टीला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चोरी संकष्टीच्या रात्री असेल तर अंधाराचे पहिले दोन-अडीच तास चोरांचे. तिथी लिहिली की उजेड किती हे वादाविना ठरतं.

ऑक्टोबरात, दिवाळी उलटल्यावर, ज्या प्रश्नानं सगळं सुरू झालं तिकडे वळलो. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात, पावसात भरतात आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तीच पुरवायची. आमच्या गडाला १० मीटर लांब, ५ रुंद, ३ खोल असं उघडं टाकं दिलं. १५० घनमीटर, दीड लाख लिटर. दोनशे माणसं, पिण्या-रांधण्याला माणशी ५ लिटर, रोजचे हजार लिटर. दीडशे दिवस पुरेल असं वाटलं होतं. पण उन्हानं रोज ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर आठ कोरड्या महिन्यांत १.२ मीटर पाणी नुसतं हवेत जातं. सगळा काळ काढायचा तर उरतं ९०,००० लिटर, म्हणजे नव्वद दिवसांचं. खांब ठेवून आत खोदलेल्या खांबटाक्यांची मेहनत लोकांनी का घेतली, हे तेव्हा कळलं. सावलीतलं पाणी टिकतं. आम्ही गडावर दुसरं खांबटाकं दिलं आणि त्याची जागा खेळाडूंपासून लपवली. नाशिकजवळचा रामशेज १६८२ पासून मोगलांविरुद्ध काही वर्षं लढला. तसला वेढा टेबलावर खेळायचा तर आधी टाकी मोजा.

मग ड्रॅगन. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे त्याला दिले. बिबट्यापासून सुरुवात केली, उसाच्या फडातला, ५० किलोचा, दिवसाला सरासरी ३ किलो मांस. प्राण्याची भूक वजनाच्या पटीत वाढत नाही, साधारण पाऊणाव्या घातानं वाढते. ५,००० किलोचा ड्रॅगन वजनानं बिबट्याच्या शंभरपट, भुकेनं ३२ पट. रोज ९५ किलो मांस. एका गुरातून १२५ किलो धरले तर वर्षाला २७७ गुरं. आमच्या गावात वर्षाला पंचवीसेक वासरं जन्मतात. म्हणजे एकटा ड्रॅगन अकरा गावांची सगळी पैदास संपवतो. असे दोन ड्रॅगन असले तर खोऱ्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गावांची पैदास जाईल.

सरपटणाऱ्या प्राण्यांची भूक सस्तन प्राण्यांच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते, म्हणून ड्रॅगन थंड रक्ताचा केला. वर्षाला २८ गुरं. साठ गावांनी पाळी लावून घेतली, प्रत्येकाला दोन वर्षांतून एकदा एक जनावर द्यावं लागतं. थंड रक्ताचा म्हटल्यावर बाकीचंही त्याच्या मागून आलं. तो सकाळी काळ्या कातळावर ऊन खात पडतो, उडतो क्वचित, आणि पौष महिन्यात पहाटे गुहेतून बाहेर येत नाही. निफाडला हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली जातो, तशी थंडी पूर्वेच्या सपाटीवर ठेवली. ड्रॅगन कधी गाठायचा हे आता खेळाडूंना गुराख्याशी बोलून काढता येतं.

सगळ्यात अवघड गेलं ते मंत्रांचं काम. नियमपुस्तकातला प्रत्येक मंत्र घेऊन आम्ही एकच विचारलं: हा रोज वापरला तर वहीतला कुठला आकडा मोडतो? अन्न आणि पाणी निर्माण करणारा मंत्र एका वेळी पंधरा माणसांचं अन्न आणि ३० गॅलन पाणी देतो. पाचव्या पातळीच्या पुजाऱ्याला तो दिवसातून दोनदा जमतो: तीस माणसांचं अन्न, २२७ लिटर पाणी. गडावरचे नव्वद दिवस त्यानं ११६ होतात. हे चाललं असतं. उलट वेढा घालणाऱ्यांना पुजारी शोधायचं कारण मिळालं.

वनस्पती वाढवणाऱ्या मंत्रापाशी मात्र अडलो. आठ तास लावून म्हटला तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. ते क्षेत्र सुमारे २०० हेक्टर. हेक्टरी ५०० किलोंनी जादा पीक १०० टन, म्हणजे ५०० वस्तीच्या अख्ख्या गावाचं वर्षाचं पोट! एक ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणारा, महिनाभर फिरला तर तीस गावं. दहा गाड्यांचा आकडा, दुष्काळ, सारा, सगळं कोसळतं. मंत्र बंद करायचं सुचवलं तेव्हा ड्रुइड खेळणारी खेळाडू हिरमुसली, आणि तिचं बरोबर होतं. नियमात असलेली ताकद गुपचूप काढून घेणं अन्यायाचं झालं असतं. दोन रविवार यावर गेले. शेवटी सगळ्यांच्या समोर ठरलं: दुप्पट दिलेली जमीन पुढची दोन वर्षं निम्मंच पीक देते. आता तीन वर्षांची बेरीज तीन पट, म्हणजे मंत्र न लावलेल्या जमिनीइतकीच. म्हणून गावं हा मंत्र फक्त जीवावर बेतल्यावर मागतात, आणि पंचायतीत त्यावरून तट पडतात. कॅम्पेनचं पहिलं कथानक याच तटातून निघालं.

वही साधी, २०० पानी, १२० रुपयांची. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: काय ठरलं, कशावरून ठरलं, जगात कुणाला माहीत आहे. तिसरा रकाना गाळू नका, नाहीतर गावातला प्रत्येक म्हातारा सर्वज्ञ होतो. खेळताना काही नवं ठरलं तर त्याच रात्री लिहा. चूक झालीच तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सांगून दुरुस्त करा, आणि त्या चुकीच्या भरवशावर खेळाडूंनी काही खर्च केला असेल तर तो परत द्या. राजघराण्यांच्या वंशावळी, नव्या भाषा, हजार वर्षांचा इतिहास यांतलं आम्ही काही केलं नाही, आणि अजून कशाचं अडलेलं नाही.

१४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता हॉल उघडला. चार तासांत फार काही घडलं नाही. खेळाडू शहरात शिरले, धर्मशाळेत उतरले, भाव विचारत फिरले. बाजरी दुपटीनं महाग होती. दुकानदार अवर्षणाला दोष देत होता. वेढ्यातल्या पाण्याबद्दल जिनं विचारलं होतं तिनं नकाशा पुढे ओढला, पूर्वेची गावं मोजली आणि म्हणाली, "नाक्यावरच्या कारकुनाला विचारते. रोज धान्याच्या किती गाड्या येतात?"

गेममास्टरनं वहीत पाहिलं. "पूर्वी दहा यायच्या, म्हणतो. गेल्या महिन्यापासून चार."

"आणि पाऊस? पूर्वेला पडला का?"

"पडला. नेहमीइतकाच."

पाचही जण नकाशावर वाकले. दुकानदार खोटं बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दहा मिनिटं कुणी फासा उचलला नाही. मग एकानं पूर्वेच्या घाटावर बोट ठेवलं आणि विचारलं, गाडी तिथून तीन दिवसांत येते, मग आज निघालो तर आपण कधी पोचू?